भिवाचं मरण

डोंबिवली, ७ सप्टेंबर १९५४

चि. परशुराम भाऊजी यांस,

तुमचं पत्र, सोबतची वही आणि संमतीपत्र असं सगळं पोचलं. तीन वर्षांत वहिनी आहे की गेली, हे विचारायला तुम्हांला एक कार्ड टाकवलं नाही, आणि आता एकदम ऐंशी पानं. पोस्टमन म्हणाला, बाई, तपासायला पेपर आले वाटतं. मी म्हटलं, तसंच समजा.

तपासली. एका बैठकीत वाचून काढली, त्यावरून तुमच्या हाताला गती आहे हे कबूल करते. शुद्धलेखन पूर्वीइतकंच भयंकर आहे. पण मी शाळेत मास्तरीण असले तरी आज त्यावर बोलणार नाही.

भिवा कसा मेला हे तुम्हांला मी सांगायचं, भाऊजी? तुमच्या दादांच्या 'खारबांध' कादंबरीची प्रकरणं 'खाडीकाठ' साप्ताहिकात येत होती तेव्हा तुम्हीच छापखान्यातून ओल्या शाईचे कागद घेऊन धावत घरी यायचात. खाडीवर दोन पाडे. बांध कोणी बांधायचा यावरून त्यांचं तीन पिढ्यांचं वैर. उधाणाच्या दिवशी बांधाला खांड पडते, पाणी शेतात शिरतं, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहतात. मिठागरातला साधा मजूर भिवा आपल्या घराचं दार उचकटून आणतो, खांडीत उभं करतो आणि त्याला पाठ लावून उभा राहतो. त्याला तसं पाहून लोकांना लाज वाटते. मग पाट्यांवर पाट्या मातीच्या पडतात. बांध उभा राहतो आणि भिवा पलीकडे, पाण्याच्या बाजूला राहतो. त्याचं प्रेतसुद्धा सापडत नाही. त्याची बायको गोदा दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घालायला सांगते आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मातीची पाटी डोक्यावर घेते. संपलं.

आणि तुमच्या वहीत? भिवाला मचव्यावाले समुद्रातून उचलतात. उरणजवळ मोऱ्याच्या बंदरावर तो शुद्धीवर येतो, पण त्याला काही आठवत नाही. मग चोरट्या सोन्याची टोळी, मग गुहा, मग रतन नावाची कोणी नक्षत्रासारखी मुलगी. गोदेला तुम्ही एका वाक्यात निकालात काढलंत. 'त्याला अधूनमधून एका स्त्रीचा धूसर चेहरा आठवे.' धन्य आहे तुमची.

तो मेला म्हणून दोन पाडे एक झाले. तो जर मोऱ्याला बसून भाजलेले बोंबील खात असेल, तर त्या लोकांना लाज वाटली ती कशाची? गोदेनं पाटी उचलली ती कोणासाठी? एवढा विचार तुमच्या मनाला शिवला नाही का?

वाचकांची पत्रं येतात, भिवा परत हवा म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. येत असतील. मलाही पुष्कळ माणसं परत हवी आहेत. तुम्हांला लिहायचं आहे तर स्वतःचा माणूस उभा करा. त्याला गुहेत न्या नाहीतर विमानात बसवा, मी हौसेनं वाचीन.

संमतीपत्र कोरंच परत पाठवते आहे. भिवाला तुमच्या दादांनी मारलं. दादांचा शब्द तुम्ही त्यांच्या हयातीत कधी मोडला नाहीत. आताही मोडू नका.

अनेक आशीर्वाद.
मंदाकिनी


डोंबिवली, १४ सप्टेंबर १९५४

चि. परशुराम भाऊजी,

तुमचं रजिस्टर पत्र काल आलं. आतली चिठ्ठीही बघितली. अक्षर त्यांचंच आहे, नाही कशाला म्हणू? 'शेवट : भिवाला वाचवावे.' तारीखही आहे. त्यांच्या ट्रंकेतल्या वहीत तुम्हांला ती सापडली. ट्रंक तुम्ही दहाव्याच्या दिवशी नेलीत, तेव्हा मी हरकत घेतली नव्हती. महिनाभर दादा अंथरुणाला खिळले होते आणि तुम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हाही काही बोलले नव्हते. क्षयाच्या घरात यायला लोक भितात, तुम्हीही भ्यालात. आता मात्र ट्रंक न्यायला कसे आत आलात असं विचारावंसं वाटतं. जाऊ दे.

चिठ्ठीचं म्हणाल तर तापात माणूस काय वाटेल ते लिहितो. पुढे त्यांनी विचार बदलला असेल. शेवटचं प्रकरण उशाखाली सापडलं आणि छापलं गेलं, हे जगाला ठाऊक आहे.

आणि मी सही केली नाही तरी तुम्ही जाहिरात देऊन मोकळे झालात. 'भिवा मेला नाही. दिवाळीपासून वाचा.' निम्मं पान. खाली बारीक अक्षरात, उधाणानं त्याला मोऱ्याला कसं नेलं त्याचा मासला. संपादकांना सांगितलंत, वहिनीची समजूत काढतो. मी काय रुसलेली नवरी आहे, समजूत काढायला?

आता माझं ऐका. दर रविवारी मी कळव्याला प्रौढ बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेते, हे तुम्हांला माहीत नसेल. मिठागरातल्या बायका येतात. त्यांत सखुबाई म्हणून एक आहे, माझ्याच वयाची. तिचा नवरा राघो अठ्ठेचाळीसच्या उधाणात बांधावरची खांड बुजवताना वाहून गेला. तुमचे दादा तिथे मिठाच्या खात्यात कारकून होते, त्यांनी स्वतः ते पाहिलं होतं. भिवा त्यांना तिथेच सापडला. राघोचं प्रेत मात्र कधीच सापडलं नाही.

तीन वर्षं सखुबाईनं त्याचे दिवस घालू दिले नाहीत. दिराने सांगितलं, गावाने सांगितलं, भटजी दोनदा येऊन परत गेला. ती म्हणायची, मेलेला डोळ्यानं बगलाय कोनी? रोज सांजेला त्याचा भात वेगळा काढून ठेवायची आणि सकाळी कोंबड्यांना घालायची. कपाळावर कुंकू होतं, पण सवाष्ण म्हणून तिला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नसे आणि विधवा म्हणायची कोणाची छाती नव्हती. सणावाराला ती कुठेच बसायची नाही.

एक्कावन्नच्या डिसेंबरात 'खारबांध'चं शेवटचं प्रकरण आलं, ते मी तिथल्या चावडीत वाचून दाखवलं. गोदेनं दर्भाचा पुतळा करायला सांगितला तिथे आले आणि सखुबाई उठून निघून गेली. मला वाटलं, चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दिराला सांगितलं, भटजीला बोलाव.

त्या वर्षी तिने राघोचे दिवस घातले. कुंकू पुसलं. मग माझ्या वर्गात येऊन बसली, पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते 'रा'. तेव्हापासून त्या गावात बांध दुरुस्तीला निघाले की पहिली पाटी राघोच्या नावाची आणि दुसरी भिवाची टाकतात. सर्वपित्रीला राघोच्या पानाशेजारी भिवाचंही पान वाढतात, कारण त्याच्यामागे श्राद्ध करणारं कोणी नाही. भिवा गोष्टीतला आहे हे त्यांना कळतं, आणि नाहीही कळत. ते मी तुम्हांला कसं समजावून सांगू?

परवा रविवारी वर्गात सखुबाई नव्हती. दीर बाहेर बसला होता. म्हणाला, बाय, तिना जाहिरात वाचली. सोताशी वाचली, अक्षरा लावून लावून. ज्या कागदात भिवा मेला म्हणून छापून आलं होतं त्याच कागदात आता मेला नाही म्हणून आलं आहे. मग कोणतं खरं? तिने दिराला विचारलं, जित्या मानसाचा पान वाढला काय रं आपुन दोन वरसा? जिवंत माणसाचे दिवस घातले तर तो परत आल्यावर त्याचं नव्यानं बारसं करावं लागतं, नवं नाव ठेवावं लागतं, हे तिच्या सासूने कधी सांगितलेलं तिला आठवलं. शनिवारी पहाटे डब्यात भाकरी बांधून ती मोऱ्याला गेली. राघोला शोधायला, भाऊजी. भिवाला नव्हे.

ती अक्षरं मी तिला शिकवली. तिने आपली आपण वाचलेला हा पहिला छापील मजकूर.

जाहिरात मागे घ्या. हात जोडते.

मंदाकिनी


डोंबिवली, २० सप्टेंबर १९५४

परशुराम भाऊजी,

तुमचं उत्तर चार ओळींचं आहे. एक अडाणी बाई गोष्ट खरी मानते यात लेखकाचा दोष नाही, दादांची शेवटची इच्छा तुम्ही पुरी करणार, आणि मी अडून बसले तर ती चिठ्ठी 'खाडीकाठ'मध्ये छापणार. बरं. छापण्याआधी बाकीचंही ऐकून ठेवा, म्हणजे अर्धवट छापलं जाणार नाही.

शेवटचं प्रकरण उशाखाली सापडलं नव्हतं. ते मी लिहिलं.

तीन वर्षं हे कोणाला बोलले नाही. संपादक घरी येऊन डोळे पुसत म्हणाले, केवढं मोठं मन, मृत्यूच्या दारात असं लिहिलं. मी मान खाली घालून बसले. शाळेच्या पुस्तकात तो उतारा घेतला तेव्हा मुख्याध्यापकांनी पेढे वाटले, मी एक खाल्ला. सगळ्यांना वाटतं तुमच्या दादांनी स्वतःचं मरण भिवाला दिलं. त्यांचं नाव झालं ते त्या अकरा पानांवर. मला ते नाव मोडायचं नव्हतं.

तुमची चिठ्ठी खरी आहे. तापातली बिपातली नाही. शेवटच्या आठवड्यात ते मला रोज म्हणत होते, भिवाला वाचव. त्याला मारू नकोस. मचव्यावाल्यांनी उचललं असं कर, मोऱ्याला ने. दोन पानं त्यांनी मला सांगून लिहवूनही घेतली. एक वाक्य झालं की खोकला, मग थांबायचं, मग पुढचं वाक्य. बघा, मोरासुद्धा त्यांचाच. तुम्हांला तो कसा सुचला देव जाणे. एका आईच्या पोटचे, म्हणून असेल.

मी हो हो म्हणत लिहीत होते. भिवाला वाचव म्हणजे कोणाला वाचव, हे मला कळत होतं, भाऊजी. तोंडात चमचा घालताना ते माझ्या डोळ्यांत बघायचे आणि तेच म्हणायचे. मी म्हणायचे, वाचवते. दोघांनाही ठाऊक होतं की माझ्या हातात फक्त टाक आहे.

ते गेल्यावर बाराव्याला सखुबाई कळव्याहून चालत आमच्या तेव्हाच्या ठाण्याच्या घरी आली होती. दारातच बसली. कारकून-सायबांसाठी आले, म्हणाली. मग म्हणाली, बाय, तुज्या मांडीवर गेला तो. तुना बगला. मना तेवराबी म्हाईत नाय.

माझं रडणं थांबलं. तोपर्यंत मी स्वतःला जगातली सगळ्यात दुर्दैवी बाई समजत होते, आणि ही माझ्याकडे हेव्यानं बघत होती. ज्याचं प्रेत नाही त्याच्या बायकोला रडायचीसुद्धा सोय नसते. मला वाटलं, तिच्यासाठी कोणीतरी सांगायला हवं की तो मेला. मचव्यावाल्यांनी उचलला नाही. मेला, आणि फुकट मेला नाही. भटजीने सांगून ती ऐकत नव्हती, पण तुमच्या दादांच्या भिवावर तिचा विश्वास होता.

त्या रात्रीपासून लिहायला बसले, तीन दिवसांत झालं. त्यांची ती दोन पानं मी बंबात घातली. ठेवली असती तर माझ्याने दुसरं काही लिहवलं नसतं. नवऱ्याची शेवटची इच्छा मी जाळली. यापेक्षा वाईट शब्द तुमच्यापाशी असेल तर तो वापरा, मी ऐकून घेईन.

सोबत एक कागद आहे. 'खाडीकाठ'च्या संपादकांसाठी आहे, तुमच्याच हातून द्या. त्यात इतकंच लिहिलंय की 'खारबांध'चं शेवटचं प्रकरण मूळ लेखकाचं नसून त्यांच्या पत्नीचं आहे. लेखकाची इच्छा भिवा वाचावा अशी होती, ती पत्नीने मोडली. त्या प्रकरणावर तिचा हक्क आहे आणि भिवाला जिवंत करायला ती कोणालाही परवानगी देत नाही. खाली माझी सही. तुमची चिठ्ठी शेजारी छापा, हवी तर मोठ्या टाइपात. आता तुमच्यापाशी मला घाबरवायला काही उरलं नाही आणि माझ्यापाशी लपवायला.

सखुबाई काल परत आली. मोऱ्याला सहा दिवस धक्क्यावर बसली, प्रत्येक मचव्यावाल्याला विचारलं. पायांना फोड आले आहेत. दिवाळीनंतर परत जाणार म्हणते. वर्गाला आली नाही, आणि कपाळावर पुन्हा कुंकू लावलंय असं दिराने मला सांगितलं. रविवारी सर्वपित्री आहे. या वर्षी ती पान वाढणार नाही.

रविवारी मी जाऊन तिला हेच सांगणार आहे, जे तुम्हांला सांगितलं. कारकून-सायबाला खाडी ठाऊक होती, म्हणून तिने त्यांचं ऐकलं. मास्तरणीनं रचलेल्या गोष्टीवर नवऱ्याचं कुंकू पुसलं असं तिला कळल्यावर ती काय करील? माझं तोंड बघणार नाही कदाचित. आणि मग रोज सांजेला भात काढून ठेवील, मरेपर्यंत. तसं झालं तर तो दोष तुमच्या जाहिरातीचा नाही, माझा.

मंदाकिनी


डोंबिवली, २७ सप्टेंबर १९५४

चि. परशुराम भाऊजी यांस,

शुक्रवारचा 'खाडीकाठ' मिळाला. माझा कागद छापलात. तुमची चिठ्ठी छापली नाहीत आणि जाहिरातीच्या जागी 'सदर कथा रद्द' एवढंच आहे. पत्र मात्र पाठवलं नाहीत. रागावला असाल. मुख्याध्यापकांनी शनिवारी बोलावून घेतलं, म्हणाले, बाई, हे काय ऐकतो? मी म्हटलं, छापलंय तसंच आहे. पुढच्या वर्षी उतारा पुस्तकातून काढतील. काढू देत.

काल कळव्याला गेले. सखुबाई घरामागे पाटावर बसून पायाला एरंडेल चोळत होती. मला बघून उठली नाही. मी समोर जमिनीवर बसले आणि कागद उलगडून वाचायला लागले, तर म्हणाली, वाचू नको, सांग.

मी सांगितलं. बंबातल्या पानांसकट. मोऱ्याचं तुमच्या दादांनीच सांगितलं होतं, हेसुद्धा. ते टाळावंसं वाटत होतं, कारण त्यावर ती म्हणू शकली असती, बघ, सायबालाबी ठाव व्हता. पण एकदा खरं बोलायला बसलं की मधलं वगळता येत नाही.

तिने चोळायचं थांबवलं. दीर दारात उभा होता, त्याला तिने हातानेच आत जायला सांगितलं.

मग विचारलं, "म्हंजे तो मेला, ह्यो सायबाचा शबुद नाय. तुजा हाय."

मी म्हटलं, "माझा."

"सायबाना मरन बगला नव्हता तवा," ती म्हणाली. "त्याला भ्या वाटत व्हता. भ्यालेला मानूस म्हननारच, वाचवा. तुना बगलास. बगून लिवलास." आणि परत एरंडेलाची वाटी घेतली. "मना आदी सांगाचा व्हता. मी सहा दिस त्या धक्क्यावर हुबी ऱ्हायले नसते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी रडले. ती रडली नाही. पाय चोळून झाल्यावर पदराने कपाळ पुसलं, घाम पुसावा तसं, आणि उठून चुलीकडे गेली. भात, वड्या, अळूची भाजी. दोघींनी मिळून केलं. दुपार कलली होती, तरी दिराने पानं धुऊन आणली.

पहिलं पान राघोचं. तिने नाव घेतलं आणि वाढलं. दुसरं भिवाचं, त्याचंही नाव घेतलं. मला वाटलं झालं, तर दिराच्या हातातून तिने तिसरं पान घेतलं आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी म्हटलं, यांचं श्राद्ध ठाण्याला माझे दीर करतात. ती म्हणाली, करूदेत की. हितंबी जेवतील. नाव सांग, नावाबिगर पान पोचत नाय.

भाऊजी, लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते सोडलं तर सोळा वर्षांत मी ते नाव तोंडाने घेतलेलं नाही. 'हे' म्हटलं, 'तुमचे दादा' म्हटलं, 'कारकून-साहेब' म्हटलं. संपादकांच्या कागदातसुद्धा 'मूळ लेखक' लिहिलं, तुमच्या लक्षात आलं असेल. लोकांना वाटतं रीत म्हणून. मलाही तसंच वाटायचं. काल त्या पानासमोर कळलं की जिवंत नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि मी अजून घेत नव्हते.

सखुबाई पळी धरून उभी होती. भात निवत होता.

"विठ्ठल," मी म्हटलं.

तिने वाढलं.

मंदाकिनी